बोलणं दुसऱ्याशी, त्रास ऐकणारीला: असं वागणं लैंगिक छळ कधी ठरतं?

समजा, साताऱ्याहून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीकडे कंपनीची बस निघाली आहे. मागच्या सीटवर चार-पाच जण मोबाईलवर व्हिडिओ बघतायत, मोठ्याने हसतायत, ऑफिसमधल्या एका बाईच्या शरीराबद्दल बोलतायत. ती बाई बसमध्ये नाही. पुढच्या सीटवर बसलेल्या तरुणीला मात्र सगळं ऐकू येतं. तिच्याकडे कुणी बघितलेलं नाही, तिला कुणी काही म्हटलेलं नाही. पण रोज सकाळी बसमध्ये चढताना तिच्या पोटात गोळा येतो.

तिने तक्रार केली तर बहुधा पहिला प्रश्न असा येईल: "तुला कोण काय बोललं? तू मध्ये कशाला पडतेस?"

हा प्रश्न सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीवर विचारला जाऊ शकतो, कुपवाडच्या एमआयडीसीत, कराडच्या एखाद्या दवाखान्यात, साखर कारखान्याच्या ऑफिसात किंवा बँकेच्या शाखेतही. म्हणून कायदा यावर काय म्हणतो ते नीट समजून घ्यायला हवं.

थोडक्यात उत्तर

लैंगिक स्वरूपाचं वागणं थेट एखाद्या स्त्रीला उद्देशून नसलं, तरी त्यामुळे तिच्यासाठी कामाची जागा भीतीची, अपमानाची किंवा नकोशी होत असेल, तर ती स्वतःच्या नावाने तक्रार करू शकते. मात्र कानावर पडलेली प्रत्येक शिवी किंवा प्रत्येक फालतू विनोद लैंगिक छळ ठरत नाही. फरक कुठे पडतो, ते पुढे पाहू.

कायद्यात नेमकं काय लिहिलं आहे?

भारतात यासाठी २०१३ चा कायदा आहे. त्याचं नाव लांबलचक आहे: कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम. बोलताना सगळे त्याला 'पॉश कायदा' म्हणतात. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

या कायद्याच्या कलम २ मध्ये लैंगिक छळाची व्याख्या आहे. त्यात पाच गोष्टी येतात: शारीरिक स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं दुसरं कोणतंही नकोसं वागणं. हे वागणं शब्दांतून असो, हावभावातून असो की शरीराने. 'थेट किंवा सूचकपणे' केलेलं, अशा दोन्ही वागण्यांचा उल्लेख या व्याख्येत आहे.

बाजूला बसलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने कलम ३ जास्त महत्त्वाचं आहे. नोकरीत फायद्याचं आमिष, नुकसानीची धमकी, नोकरी धोक्यात आणण्याची भाषा या गोष्टी त्यात आहेतच. शिवाय 'तिच्या कामात अडथळा आणणं किंवा तिच्यासाठी धाक वाटणारं, अपमानास्पद अथवा प्रतिकूल वातावरण तयार करणं' हेही लैंगिक छळात मोडू शकतं, असं हे कलम सांगतं.

'बाजूला उभी असलेली व्यक्ती' असा वेगळा शब्द कायद्यात कुठेही नाही. पण वातावरण एकाच व्यक्तीपुरतं नसतं. ज्या खोलीत रोज घाणेरडं बोललं जातं, तिथे बसून काम करणाऱ्या प्रत्येकीचं ते वातावरण असतं. थेट लक्ष्य नसलेल्या स्त्रीच्या तक्रारीला आधार मिळतो तो इथे.

हा विचार आला कुठून?

राजस्थानमधल्या भटेरी गावात भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याचा आरोप त्यांनी केला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल आला आणि कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयाने घालून दिली. स्त्रीसाठी प्रतिकूल वातावरण तयार होऊ नये ही मालकाची जबाबदारी आहे, हे तिथे स्पष्ट झालं.

कागदावरची तत्त्वं प्रत्यक्षात येत नव्हती. त्यासाठी पुण्यातल्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली. १९ ऑक्टोबर २०१२ च्या निकालात राज्यांना आणि संस्थांना विशाखा तत्त्वं खऱ्या अर्थाने लागू करण्याचे आदेश मिळाले. पुढच्याच वर्षी कायदा झाला.

चार प्रश्न विचारून पाहा

एखादा प्रसंग लैंगिक छळात बसतो का, हे समजायला चार प्रश्न उपयोगी पडतात.

१. वागणं लैंगिक स्वरूपाचं आहे का? साहेब सगळ्यांवर ओरडतो, कामाचा हिशोब मागतो, उशीर झाला की मेमो देतो. हा जाच असेल, पण लैंगिक छळ नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१५ मध्ये काढलेल्या पुस्तिकेतही गैरहजेरीची विचारणा किंवा कामातली चूक दाखवणं याला छळ म्हणता येणार नाही, असं सांगितलं आहे. त्याच पुस्तिकेच्या छळाच्या उदाहरणांत अपमानकारक विनोद, आक्षेपार्ह पोस्टर आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश यांचा समावेश आहे.

२. ते ऐकणारीला किंवा बघणारीला नकोसं आहे का? बोलणारे दोघं एकमेकांत खूश असतील. पण प्रश्न तक्रार करणाऱ्या स्त्रीचा आहे. ती गप्प बसली किंवा कसंनुसं हसली, म्हणजे तिला चालतं असा अर्थ होत नाही. वरिष्ठांसमोर हसण्यावाचून पर्याय नसतो, हे नोकरी करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

३. तिच्या कामावर किंवा मनावर परिणाम होतोय का? ती जेवणाच्या सुट्टीत एकटी बसू लागली, रात्रपाळी टाळू लागली, मीटिंगला जाईना, बदली मागू लागली, तर वातावरण बिघडल्याच्या या खुणा आहेत. प्रसंग किती वेळा घडला आणि किती गंभीर होता, हेही पाहिलं जातं. रोजचे शेरे मिळून गंभीर होतात. पण एखादाच प्रसंगही पुरेसा असू शकतो, उदाहरणार्थ ऑफिसच्या स्क्रीनवर सगळ्यांसमोर अश्लील व्हिडिओ लावणं.

४. हे कामाच्या ठिकाणी घडलं का? इथे कामाची जागा म्हणजे फक्त चार भिंतींचं ऑफिस नाही. कंपनीने दिलेली बस, कामासाठी गेलेलं गाव, प्रशिक्षणाचं हॉटेल, हे सगळं त्यात येतं. म्हणजे सुरुवातीच्या उदाहरणातली बससुद्धा कामाचीच जागा आहे.

नेहमीचे प्रसंग आणि त्यांचं गणित

*दोन पुरुष आपापसात अश्लील बोलतायत, शेजारच्या टेबलावर बाई बसली आहे.* एकदा घडलं आणि सांगितल्यावर थांबलं, तर तिथेच विषय मिटू शकतो. पण सांगूनही चालूच राहिलं, किंवा ती आली की मुद्दाम आवाज वाढू लागला, तर ते तिच्यासाठी प्रतिकूल वातावरण ठरू शकतं.

*तिसऱ्याच बाईबद्दल शेरे मारले जातायत.* जिच्याबद्दल बोललं जातंय ती तक्रार करू शकते. जिला रोज ते ऐकावं लागतं, तीही करू शकते. इथे 'माझ्या मागे माझ्याबद्दल काय बोलत असतील' ही भीतीच वातावरण बिघडवते.

*ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'नॉनव्हेज' जोक येतात.* ग्रुप कामाचा असेल, सूचना त्यावरच येत असतील, तर बाईला ग्रुप सोडता येत नाही. संदेश तिच्या नावाने नसला तरी तो तिच्या मोबाईलवर येतो. पुराव्याच्या दृष्टीने असे प्रसंग सिद्ध करणं सोपं असतं.

*बोलता बोलता आईबहिणीवरून शिव्या.* आपल्याकडे काही ठिकाणी शिवी ही बोलण्यातली विरामचिन्हासारखी झाली आहे. रागात तोंडातून गेलेली प्रत्येक शिवी समिती लैंगिक छळ मानेलच असं नाही. पण बायकांना अवघडून टाकण्यासाठी शिव्यांचा वापर होत असेल, तर चित्र बदलतं. आणि लैंगिक छळ ठरला नाही, तरी ते सेवानियमांनुसार गैरवर्तन असू शकतं.

*दोन सहकाऱ्यांचं प्रेमप्रकरण.* दोन सज्ञान माणसांचं एकमेकांवर प्रेम असणं हा गुन्हा नाही आणि इतरांच्या डोळ्यात खुपतं म्हणून तो छळही होत नाही. पण सगळ्यांसमोर शारीरिक लगट चालत असेल, तर 'आमची संमती आहे' हे उत्तर बघणाऱ्यांना लागू पडत नाही. संमती त्या दोघांची असते, बाकीच्यांची नाही. तसंच 'साहेबांशी जवळीक केली की बढती मिळते' असा संदेश इतर बायकांपर्यंत जात असेल, तर तो कलम ३ मधल्या सूचक आमिषाच्या जवळ जातो.

न्यायालयं काय म्हणतात?

इथे चित्र एकसारखं नाही, आणि तक्रार करणाऱ्याने हे आधीच जाणून घेतलेलं बरं.

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्यापुढे पुण्यातल्या एका खासगी बँकेतलं प्रकरण आलं. मीटिंगमध्ये एका अधिकाऱ्याने सहकारी महिलेच्या लांब केसांवर शेरा मारला आणि केसांवरच्या एका हिंदी गाण्याची ओळ म्हटली, असा आरोप होता. बँकेच्या समितीने त्याला दोषी धरलं आणि पुण्याच्या औद्योगिक न्यायालयाने ते कायम ठेवलं. उच्च न्यायालयाने मात्र ते रद्द केलं. आरोप खरे मानले, तरी असा शेरा लैंगिक छळाच्या हेतूने केला होता असं मानणं कठीण आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

त्याच्या दोनच महिने आधी, २२ जानेवारी २०२५ रोजी, मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आर. एन. मंजुळा यांनी वेगळ्या बाजूवर भर दिला. एका माहिती तंत्रज्ञान कंपनीतल्या प्रकरणात त्यांनी म्हटलं की, या कायद्यात करणाऱ्याच्या हेतूपेक्षा ते वागणं समोरच्या स्त्रीला कसं वाटलं याला जास्त महत्त्व आहे. 'माझा तसा हेतू नव्हता' एवढं सांगून सुटका होत नाही.

दोन्ही निकालांतून एक व्यवहारी धडा मिळतो. एकट्यादुकट्या सौम्य शेऱ्यावर उभी असलेली तक्रार टिकणं अवघड असतं. तारखा, शब्द, साक्षीदार आणि परिणाम नोंदवलेली तक्रार भक्कम असते.

थेट लक्ष्य नसलेल्यांच्या बाबतीत अमेरिकेतलं एक प्रकरण बोलकं आहे. नेवाडा राज्यातल्या रिनो शहरातल्या एका कपड्यांच्या गोदामात मोठ्या स्पीकरवर स्त्रियांबद्दल अत्यंत अश्लील भाषा असलेली गाणी दिवसभर वाजायची. काही स्पीकर तर फोर्कलिफ्टवर बसवलेले होते. सात महिला आणि एक पुरुष न्यायालयात गेले. 'गाणी कुणा एकाला उद्देशून नव्हती आणि पुरुषांनाही तीच ऐकावी लागत होती' हा बचाव तिथल्या अपील न्यायालयाने जून २०२३ मध्ये मान्य केला नाही. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, पण मशीनशेजारी दिवसभर स्पीकर लावून काम चालणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही शेडला तो विचार लागू पडतो.

दुसऱ्याचा छळ होताना पाहिला तर?

हा वेगळा प्रश्न आहे. तुमच्यासमोर वरिष्ठाने सहकारी महिलेला नको तिथे हात लावला, तर तक्रारीचा पहिला हक्क तिचा आहे. ती काही कारणाने तक्रार करू शकत नसेल, तर २०१३ च्या नियमांनुसार घटनेची माहिती असलेली व्यक्ती तिच्या लेखी संमतीने तक्रार करू शकते. शारीरिक अक्षमता असेल तर नातेवाईक, मित्र-मैत्रीण किंवा सहकारी तिच्या वतीने पुढे येऊ शकतात. तिच्या संमतीशिवाय 'मीच न्याय मिळवून देतो' म्हणून धावणं तिला जास्त अडचणीत टाकू शकतं.

साक्षीदार म्हणून मात्र तुमची भूमिका मोठी आहे. समितीला साक्षीदाराला बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत आणि साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

पुरुषांना त्रास झाला तर?

पॉश कायद्यात पीडित व्यक्ती स्त्रीच असते. अश्लील वातावरणाचा त्रास होणाऱ्या पुरुषाला या कायद्याखाली स्वतःसाठी तक्रार करता येत नाही. त्याला सेवानियम, कंपनीचं धोरण आणि व्यवस्थापनाकडे अर्ज हे मार्ग आहेत. महाविद्यालयं आणि विद्यापीठांत थोडं वेगळं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरच्या लैंगिक त्रासाचीही दखल घेतली आहे.

सातारा-सांगलीत तक्रार कुठे करायची?

दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील, तर तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. शाखा वेगवेगळ्या गावांत असतील, तर प्रत्येक ठिकाणी समिती हवी. 'आमची समिती मुंबईच्या हेड ऑफिसात आहे' हे उत्तर पुरेसं नाही. समितीचा आदेश दर्शनी भागात लावणंही मालकाचं काम आहे. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. हळदीच्या पेढीवरची कामगार, दुकानातली सेल्सगर्ल, घरकाम करणारी बाई या सगळ्यांसाठी तोच दरवाजा आहे. त्याची माहिती सातारा आणि सांगलीच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात मिळते. तालुका पातळीवरच्या नोडल अधिकाऱ्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. जत किंवा माणच्या बाईला त्यासाठी जिल्ह्याच्या गावाला हेलपाटे घालावे लागू नयेत, हा यामागचा उद्देश आहे.

या समित्या कागदावरच राहतात, ही तक्रार जुनी आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये समित्या, जिल्हा अधिकारी आणि नोडल अधिकारी नेमले आहेत का, हे तपासण्याचे आदेश दिले. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते.

मुदती लक्षात ठेवा

- घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. प्रसंग वारंवार घडत असतील तर शेवटच्या प्रसंगापासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.
- चौकशी ९० दिवसांत पूर्ण, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि मालकाची कारवाई ६० दिवसांत.
- चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.
- लिहिता येत नसेल, तर तक्रार लिहायला मदत करणं समितीचं कर्तव्य आहे.

पोलिसांत जाता येतं का?

येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळाचं आहे. कलम ७९ स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने काढलेले शब्द, आवाज किंवा हावभाव यांचं आहे. पण फरक ध्यानात घ्या. कलम ७९ मध्ये हेतू सिद्ध करावा लागतो, म्हणजे ते शब्द तिच्या कानावर पडावेत म्हणूनच बोलले गेले होते, हे दाखवावं लागतं. म्हणून थेट उद्देशून नसलेल्या बोलण्याच्या बाबतीत फौजदारी गुन्ह्यापेक्षा समितीचा मार्ग बहुधा जास्त उपयोगी पडतो. तातडीचा धोका असेल तर ११२, महिला हेल्पलाइन १८१. महिलांना उत्पन्नाची अट न ठेवता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

आधी सोशल मीडियावर टाकू नका

राग आला की पहिला हात मोबाईलकडे जातो. पण पॉश कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख जाहीर करायला मनाई आहे. मैत्रिणीच्या बाजूने पोस्ट टाकताना तिचं नाव, विभाग किंवा फोटो गेला, तर नुकसान तिचंच होतं. स्क्रीनशॉट जरूर काढा, पण ते समितीला द्या, ग्रुपवर नको.

त्यापेक्षा एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलं. शक्य असेल तर एकदा स्पष्ट सांगा: "हे बोलणं मला नको आहे." सांगितल्याचीही नोंद ठेवा. सांगायची हिंमत झाली नाही, तरी तक्रारीचा हक्क जात नाही.

'खोटी तक्रार' म्हणून उलटेल का?

जाणूनबुजून, दुष्ट हेतूने खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तरच कारवाई होऊ शकते. पुरावा कमी पडला, आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. कलम १४ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

सुरुवातीच्या बसमधल्या तरुणीकडे परत येऊ. "तुला कोण काय बोललं?" या प्रश्नाचं तिचं उत्तर सोपं असू शकतं: "मला कुणी काही बोललं नाही. पण ही बस माझ्याही कामाची जागा आहे आणि इथे रोज काय चालतं ते मी लिहून आणलं आहे." ते ऐकून घेणं, नोंदवणं आणि तपासणं हे समितीचं कायदेशीर काम आहे. बसमधल्या बाकीच्या सीटवर बसलेल्यांपैकी एकाने जरी "हो, मीही ऐकलं" असं सांगितलं, तरी तिची बाजू कितीतरी भक्कम होते.